मूल कोण आहे आणि त्याला औषध द्यायचं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत

लहान मुलांच्या आणि वयात येणाऱ्या पोरांच्या जेंडर आयडेंटिटीवर, म्हणजे आपण मुलगा की मुलगी या त्यांच्या आतल्या जाणिवेवर, मराठीत सध्या जो वाद चाललाय तो वाचून खरंच वाईट वाटतं, कारण त्यात मुलंच कुठे दिसत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये या मुलांच्या उपचारांची तपासणी करणारा डॉ. हिलरी कॅस यांचा रिपोर्ट आला, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेनेसी राज्यातली अल्पवयीन मुलांच्या अशा उपचारांवरची बंदी कायम ठेवली, आणि दोन्ही वेळा आपल्याकडे तेच झालं. एका बाजूने फॉरवर्ड आला की बघा, गोऱ्यांनीच आता कबूल केलं की हे सगळं थोतांड आहे, मोबाईल काढून घ्या, दोन ठेवून द्या, पोरगं आपोआप ताळ्यावर येईल. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूने आलं की कॅसबाई ट्रान्सविरोधी आहेत, त्यांनी ९८ टक्के स्टडीज केराच्या टोपलीत टाकल्या, आणि मुलाने सांगितल्यावर ताबडतोब उपचार सुरू केले नाहीत तर ते जीव देईल. रिपोर्ट ३८८ पानांचा आहे आणि तो उघडून बघितला तर यातलं एकही वाक्य त्यात सापडत नाही.

मला काय वाटतं ते आधीच सांगते. वयात येणाऱ्या मुलांना प्युबर्टी ब्लॉकर्स (वयात येणं थांबवून धरणारी औषधं) आणि दुसऱ्या लिंगाचे हार्मोन्स देण्यामागचा पुरावा आज खरोखरच तोकडा आहे आणि तिथे डॉक्टरांनी जपून पाऊल टाकणं योग्यच आहे. पण त्या तोकड्या पुराव्यावरून मुलाला खोटं पाडायचा, मारायचा, शाळेत त्याचं जगणं मुश्किल करायचा किंवा त्याला कुठेतरी नेऊन 'सरळ' करून आणायचा परवाना कुणालाच मिळत नाही. औषधाबद्दल शंका असणं ही एक गोष्ट आणि मुलाबद्दल शंका घेणं ही दुसरी. आपल्याकडचे दोन्ही गट या दोन गोष्टींची गाठ मारून बसलेत. एक म्हणतो औषध चुकीचं म्हणून मूल चुकीचं, दुसरा म्हणतो मूल खरं म्हणून औषध बरोबर, आणि दोघांच्या मध्ये नाशिकची नाहीतर नांदेडची कुणीतरी आई बसलेली असते जिला यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

मुळात मानसोपचारशास्त्र काय म्हणतं ते बघू. दोन-अडीच वर्षांचं मूल 'मी मुलगा', 'मी मुलगी' म्हणायला लागतं, पण कपडे बदलले, केस वाढवले तरी आपण तेच राहतो ही समज पक्की व्हायला पाच-सात वर्षांचं वय उजाडतं, हे मानसशास्त्रज्ञ कोलबर्गने १९६६ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाने आईची ओढणी गुंडाळली आणि 'मी मोठी झाल्यावर आई होणार' म्हटलं तर त्यावरून कुठलंही निदान होत नाही, आणि कुठल्याही जबाबदार डॉक्टरने ते करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या निदानांच्या यादीत हे स्पष्ट लिहिलंय की नुसतं वेगळं वागणं आणि वेगळ्या आवडीनिवडी एवढ्यावर निदान करायचं नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत साधारण दोन वर्षं ही विसंगती टिकून असायला हवी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात, म्हणजे २०१३ पासून, मुलांसाठी आठपैकी सहा लक्षणं लागतात, त्यात 'मला दुसऱ्या लिंगाचं व्हायचंय' किंवा 'मी तसाच आहे' हा ठाम आग्रह असलाच पाहिजे, हे सगळं कमीत कमी सहा महिने चाललेलं हवं आणि मुलाला त्याचा खराखुरा त्रास होत असला पाहिजे. निदान त्या त्रासाचं होतं, मुलगा नाजूक चालतो किंवा मुलगी क्रिकेट खेळते याचं नाही. आणि एक गोष्ट जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते, ती म्हणजे वयात यायच्या आधीच्या मुलाला कुठल्याही मान्यताप्राप्त गाइडलाइनप्रमाणे एक गोळीसुद्धा द्यायची नसते. 'पाच वर्षांच्या पोरांची ऑपरेशनं करतात' हे तर लंडनच्या ज्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकवरून, म्हणजे अशा मुलांच्या सरकारी क्लिनिकवरून, एवढं रान उठलं तिथेही होत नव्हतं, त्या क्लिनिकमध्ये सर्जरी नव्हतीच.

आता समोरच्याचा सगळ्यात वजनदार मुद्दा. मानसोपचारवाले या विषयात इतक्या वेळा चुकलेत की त्यांच्यावर विश्वास ठेवायचा कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि दोन्ही बाजूंनी विचारला जातो. १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि १९८० मध्ये, पुढच्याच आवृत्तीत, मुलांमधला 'जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर' यादीत घातला. त्या काळात काय चालायचं याचं एक उदाहरण मला कधीच विसरता येत नाही. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा आणला गेला, शोधनिबंधात त्याचं नाव क्रेग असं बदलून छापलंय. एका खोलीत दोन टेबलं, एकावर बाहुल्या आणि दागिने, दुसऱ्यावर बंदुका वगैरे. आई तिथेच बसलेली, तिच्या कानाला इअरफोन. पोर बंदुकीशी खेळलं की तिने कौतुकाने बघायचं, बाहुली उचलली की मान फिरवून पुस्तक वाचायचं, मग ते कितीही रडू दे. घरी निळी आणि लाल अशी पोकर चिप्स. 'मुलासारखं' वागलं की निळं, त्याच्या बदल्यात गोळ्या-चॉकलेट. 'मुलीसारखं' वागलं की लाल, आणि लाल चिप्सचा हिशोब बाप मारून करायचा. त्याचा मोठा भाऊ पुढे म्हणाला की तो क्रेगची काही लाल चिप्स गुपचूप आपल्या ढिगात सरकवायचा. १९७४ मध्ये ही केस यशस्वी उपचार म्हणून छापून आली आणि वर्षानुवर्षं तिचे दाखले दिले गेले. तो मुलगा मोठा होऊन गे निघाला, कामानिमित्त भारतात आला आणि २००३ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी त्याने दिल्लीत आत्महत्या केली. त्याच्या घरचे आजही त्या उपचारांना जबाबदार धरतात.

ही केस दोन्ही बाजूंनी नीट वाचायला हवी. 'मारून-मुटकून सरळ होतं' म्हणणाऱ्यांनी बघावं की प्रशिक्षित डॉक्टर, शिस्तबद्ध पद्धत, राबणारे आईबाप हे सगळं असूनही आतलं काही बदललं नाही, फक्त मूल लपवायला शिकलं. पण दुसऱ्या बाजूनेही बघावं की क्रेग ट्रान्स नव्हता. त्याच यूसीएलएमध्ये रिचर्ड ग्रीन यांनी अशाच ६६ 'बायकी' मुलांचा अभ्यास सुरू केला, त्यातली ४४ मोठेपणी परत भेटली, सुमारे तीन चतुर्थांश गे किंवा बायसेक्शुअल होती आणि आपण बाई आहोत असं म्हणणारं त्यात एकच होतं. म्हणजे आज काही गे आणि लेस्बियन माणसांनाच जी भीती वाटते, की आमच्यासारख्या मुलांना आता घाईने ट्रान्स ठरवलं जाईल, ती भीती काही द्वेषातून आलेली नाही. तिला 'ट्रान्सफोबिया' म्हणून उडवून लावणं हा अन्याय आहे.

उलट दिशेचं उदाहरणही आहेच. १९६५ मध्ये कॅनडात जन्मलेल्या डेव्हिड रायमरचं लिंग सुंतेच्या वेळी झालेल्या अपघातात गेलं, आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं. नाव मुलीचं, कपडे मुलीचे, सर्जरी, पुढे हार्मोन्स, सगळं. मनी यांनी जगाला सांगितलं प्रयोग यशस्वी. प्रत्यक्षात तो मुलगा लहानपणापासून ते झिडकारत होता, चौदा-पंधराच्या सुमारास आपण जन्माने मुलगा होतो हे कळल्यावर तो परत मुलगा म्हणून जगायला लागला, खरी हकीकत १९९७ मध्ये बाहेर आली आणि २००४ मध्ये त्यानेही जीव दिला. ज्यांना वाटतं की शाळेत एक तास घेतला किंवा इन्स्टावर चार रील बघितली की पोरगं ट्रान्स होतं, त्यांनी विचार करावा, बाळपणापासून आईबाप, डॉक्टर आणि औषधं असं सगळं एका बाजूला असूनही जे झालं नाही ते रीलने कसं होईल? आणि ज्यांना तज्ज्ञ म्हणाले म्हणजे झालं असं वाटतं, त्यांनी हे आठवावं की मनी हे त्यांच्या काळातले या विषयातले सगळ्यात मोठे तज्ज्ञ होते.

तर मग टॅव्हिस्टॉकमध्ये नेमकं चुकलं काय? तिथलं मुलांचं क्लिनिक १९८९ मध्ये सुरू झालं. २०११-१२ मध्ये वर्षाला अडीचशेच्या आत मुलं यायची, २०२१-२२ मध्ये पाच हजारांवर गेली. पूर्वी बहुतेक लहानपणापासून त्रास असलेले मुलगे असायचे, आता जन्माने मुली असलेल्या, वयात येताना पहिल्यांदा हे बोलणाऱ्या किशोरवयीनांची संख्या जास्त झाली आणि त्यांच्यातल्या अनेकांना सोबत डिप्रेशन, अँग्झायटी, ऑटिझम, स्वतःला इजा करून घेणं असं बरंच काही होतं. उपचाराची पद्धत मात्र नेदरलँड्समधून आलेली. डच डॉक्टरांनी ती ज्या मुलांवर वापरली ती पारखून निवडलेली होती, लहानपणापासून सातत्याने तेच म्हणणारी, घरचा आधार असलेली, दुसरा कुठला मोठा मानसिक आजार नसलेली. त्यांचा मुख्य फॉलो-अप, २०१४ चा, ५५ जणांचा आहे आणि त्यात ती मुलं चांगली होती. पण एका प्रकारच्या रुग्णांवर चाललेलं औषध वेगळ्या प्रकारच्या रुग्णांवर तसंच चालेल असं गृहीत धरायचं हे आपण शुगरच्या गोळीच्या बाबतीत तरी चालवून घेऊ का? कॅस यांचं मुख्य म्हणणं एवढंच आहे. फिनलंड आणि स्वीडनचे डॉक्टर त्यांच्याआधीच याच निष्कर्षाला आले होते आणि ते देश काही ट्रान्स माणसांचे वैरी म्हणून ओळखले जात नाहीत.

९८ टक्केवाली गोष्ट धडधडीत चुकीची आहे. कॅस यांच्यासाठी यॉर्क विद्यापीठाच्या टीमने ब्लॉकर्सवरच्या ५० आणि हार्मोन्सवरच्या ५३ स्टडीज तपासल्या, उत्तम दर्जाची प्रत्येकी एकच निघाली, पण मध्यम दर्जाच्या ब्लॉकर्सच्या २५ आणि हार्मोन्सच्या ३३ स्टडीजही निष्कर्षात धरल्या, म्हणजे १०३ पैकी ६०. आणि 'थोतांड' म्हणणाऱ्या गटाला जे आवडत नाही तेही त्याच रिपोर्टमध्ये आहे, की काही तरुणांसाठी मेडिकल ट्रान्झिशन, म्हणजे औषधांनी शरीर बदलणं, हाच योग्य मार्ग असेल, की या मुलांना इतर मुलांसारखीच मानाने, नीट आणि जवळपास सेवा मिळाली पाहिजे. 'हे थोतांड आहे' असं म्हणणारं एक वाक्यसुद्धा त्यात नाही.

आकड्यांची पळवापळवी तर दोन्हीकडे सारखीच. 'बहुतेक मुलं मोठी झाली की हे सोडून देतात' हे ज्या जुन्या अभ्यासांवरून म्हणतात त्यातल्या अनेक मुलांनी 'मी मुलगी आहे' असं कधी म्हटलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या निकषांत ते सक्तीचं नव्हतं. ग्रीन यांची मुलं त्यातलीच. जे कधी धरलंच नव्हतं ते सोडलं असं कसं म्हणायचं? डच संशोधकांनी २०१३ मध्ये १२७ मुलांकडे परत बघितलं तेव्हा ४७ जणांचा त्रास टिकला होता, आणि ज्यांचा लहानपणी तीव्र होता, जी मुलं 'मला मुलगी व्हायचंय' ऐवजी 'मी मुलगीच आहे' म्हणायची, त्यांच्यात टिकण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे मुलाचं म्हणणं लक्ष देऊन ऐकण्याने खरोखर काहीतरी कळतं. उलट बाजूला, २०२२ च्या अमेरिकन अभ्यासात नाव-कपडे बदलून राहणारी ३१७ मुलं होती, सरासरी पाच वर्षांनी ९४ टक्के तसंच म्हणत होती. त्याच वर्षीच्या डच अभ्यासात ब्लॉकर्सनंतर हार्मोन्स सुरू केलेल्या ७२० जणांपैकी ९८ टक्के पुढेही हार्मोन्सवर राहिले. हे आकडे 'बघा, मुलं बरोबरच होती' म्हणून नाचवले जातात. असेलही, निवड नीट झाली म्हणून असेल. किंवा एकदा पाऊल टाकलं की मागे वळणं अवघड होत असेल. त्या आकड्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि दोन्ही निघतात हे मान्य न करणारा माणूस मुलाची वकिली करत नसतो, स्वतःच्या मताची करत असतो.

आत्महत्येचा मुद्दा मला जपून लिहायचाय कारण तो अनेक घरांतला जिवंत प्रश्न आहे. या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार इतर मुलांपेक्षा जास्त असतात हे खरं आहे. पण 'ब्लॉकर्स द्या नाहीतर मूल गमवा' हे आईबापांना सांगणं चूक आहे आणि क्रूरही. फिनलंडमध्ये १९९६ ते २०१९ या काळात जेंडर क्लिनिकला आलेल्या २,०८३ तरुणांचा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. आत्महत्येचं प्रमाण ०.३ टक्के, इतरांत ०.१ टक्का, आणि आधीपासूनच्या मानसिक आजारांच्या उपचारांचा हिशोब धरला तर तो फरक उरला नाही. इंग्लंडमध्ये ब्लॉकर्स थांबवल्यावर आत्महत्या भरमसाट वाढल्या असं पसरलं होतं, तेही तिथल्या सरकारचे आत्महत्या-प्रतिबंध सल्लागार प्रा. लुई ॲपलबी यांनी आकडे तपासून खोडलं. आता यावरून 'म्हणजे नाटकं करतात' हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी परत एकदा वाचावं. त्या अभ्यासातून दिसतं ते हे, की या मुलांना सोबत डिप्रेशन असतं, जुना मार असतो, एकटेपणा असतो, आणि त्याकडे वेळेत बघितलं पाहिजे. याचा अर्थ मूल आधी नीट तपासा, जास्त वेळ द्या असा होतो. दुर्लक्ष करा असा कसा होईल?

मग येतो आपला लाडका मुद्दा, की हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. आणि त्याचा जुळा भाऊ, की आपल्या संस्कृतीत तर हे पहिल्यापासून मान्यच होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल हे कुणी विचारत नाही. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात केसात जट आली, पोरगं बायकी वागायला लागलं की यल्लम्माला सोडायचं, मग त्याने साडी नेसून चौंडक्याच्या तालावर दारोदार जोगवा मागायचा. लोक पाया पडतात, ओटी भरतात, हे खरं. पण त्याला वर्गात बाकावर कोण बसवतं? कामाला कोण ठेवतं? ज्याला आपण मान्यता म्हणतो ती घराबाहेर काढल्यानंतरची मान्यता आहे. मूल घरात ठेवून, शाळेत घालून, जेवणाच्या ताटावर बसवून मान्य करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्या घरांत झालीय. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४.८८ लाख माणसं नोंदली गेली त्यात सहा वर्षांपर्यंतची जवळपास ५५ हजार बाळं होती. त्यातली किती इंटरसेक्स (जन्मतःच शरीर ठरीव मुलगा-मुलगी साच्यात न बसणारी), किती नोंदीची गफलत हे सोडा, पण ही बाळं काही इन्स्टा बघून तयार झाली नव्हती. आणि हे प्रश्न मराठीत आजच आले असंही नाही. र. धों. कर्व्यांच्या मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, समलैंगिकतेबद्दलही विचारायचे, ते उत्तरं द्यायचे, म्हणून खटला झाला. १९३४ मध्ये त्या खटल्यात कर्व्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांना प्रश्न पडत असतील तर माहिती असलेल्याने उत्तर देणं गुन्हा कसा, हा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. नव्वद वर्षं झाली, आपण अजून उत्तर देणाऱ्यावरच डोळे वटारतोय.

आपल्या इथली खरी परिस्थिती काय आहे ते कुणी बोलतच नाही. देशात एक लाख लोकांमागे एकसुद्धा सायकिअॅट्रिस्ट नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास, त्यात मुलांचे तज्ज्ञ तर मोठी शहरं सोडली तर मिळतच नाहीत. जिल्ह्याच्या ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं मिळाली तर नशीब, त्यात आई पदराने डोळे पुसत विचारते 'बरं होईल ना हो हे', बाहेर चाळीस जण रांगेत, आणि डॉक्टरला स्वतःला कॉलेजात यातलं काय शिकवलेलं असतं? २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे 'सरळ' करायचे उपचार, हे गैरवर्तन ठरवलं, मद्रास हायकोर्टाच्या २०२१ च्या निकालाचा तो परिणाम होता. तो निकाल देण्याआधी न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला विषय कळत नाही म्हणून स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर सेशन घेतलं होतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्याच कमिशनने ऑगस्ट २०२४ मध्ये फॉरेन्सिकच्या अभ्यासक्रमात लेस्बियनिझम अनैसर्गिक गुन्ह्यांमध्ये घातलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. असं आहे. इथे घाईघाईने ब्लॉकर्स लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा सुळसुळाट झालेला नाही. इथे मुलाला मांत्रिकाकडे नेतात, मुलगी असेल तर अठरा होता होता लग्न लावून देतात, 'बायल्या' म्हणत वर्गात पँट ओढतात आणि पीटीचे सर हसतात, मग एक दिवस मूल शाळा सोडतं नाहीतर घरातून निघून जातं. लंडनच्या क्लिनिकची चूक दाखवून या सगळ्याचं समर्थन करायचं म्हणजे शेजारच्या गावात जास्त औषध दिलं म्हणून आपल्या गावात दवाखानाच नको म्हणण्यासारखं झालं.

एक आक्षेप मात्र खरंच विचार करायला लावतो. औषध नका देऊ, पण नाव बदलून हाक मारा, केस वाढवू द्या, एवढं तर करा असं आम्ही म्हणतो, तर कॅस यांचं म्हणणं असं की लहान मुलाचं पूर्ण सोशल ट्रान्झिशन, म्हणजे नाव, कपडे, ओळख सगळंच बदलणं, हेही काही निरुपद्रवी नसतं, त्याने मुलाची पुढची वाट ठरू शकते. मला यात तथ्य वाटतं. सहा वर्षांच्या मुलाचं सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून, कागदपत्रं बदलायला धावून, सगळं एका दिवसात उलटं करायची गरज नसते. दारं उघडी ठेवायला हवीत, दोन्ही बाजूंची. उद्या ते म्हणालं की नाही, मी मुलगाच आहे, तर तेही त्याला न लाजता म्हणता आलं पाहिजे, 'मग एवढा तमाशा कशाला केलास' हे ऐकायला न लागता. पण बघा, दारं उघडी ठेवण्याचा हाच सल्ला केस कापून, बाहुल्या फेकून, कराटेच्या क्लासला घालणाऱ्या बापालाही लागू होतो. तोही मुलाची वाट ठरवतच असतो, आणि त्याच्या त्या हस्तक्षेपाला कुणी पुरावा मागत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. ते आपल्याला काय हाक मारा म्हणतंय हे ऐकण्यात घरच्यांचं काय जातं? डॉक्टरने तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही आणि खोडायचंही नाही. वेळ द्यायचा, झोप-जेवण-अभ्यास विचारायचा, कुणी छळतंय का, कुणी हात लावलाय का हे एकट्याला बसवून विचारायचं, डिप्रेशन असेल तर त्याचे उपचार करायचे, ऑटिझमची शंका असेल तर तपासायचं, आईबापांना वेगळं बसवून त्यांची भीती ऐकायची, आणि हे महिनोन् महिने करायचं. याला कुठलाही वादग्रस्त पुरावा लागत नाही, चांगला बालमानसोपचार असाच असतो.

अमेरिकेतल्या काही राज्यांसारखी कायद्याने सरसकट बंदी मला म्हणूनच पटत नाही. इंग्लंडनेही शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ब्लॉकर्सवर बेमुदत बंदी आणली, पण संशोधनातून ते देता यावेत ही वाट ठेवून, आणि मुलांसाठी नव्या सेवा उभ्या करत. टेनेसीच्या कायद्यात पुरावा गोळा करायची इच्छाच दिसत नाही, तिथे निर्णय आधी झालाय. डॉक्टरांनी सावध राहणं आणि आमदारांनी मुलांवर राजकारण करणं यात फरक आहे.

आपल्याकडे काय करता येईल ते एकदा होता होता राहिलं. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांचं मॅन्युअल काढलं. टॉयलेट, युनिफॉर्म, चिडवाचिडवी अशा गोष्टी. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतले, त्यात जेंडर-न्यूट्रल टॉयलेट होती आणि प्युबर्टी ब्लॉकर्सचा उल्लेखही होता, आणि काही दिवसांत सगळंच्या सगळं मॅन्युअल वेबसाइटवरून गायब झालं. नंतर दुसऱ्या समितीचा नवा मसुदा आला, पण आपल्या शाळांपर्यंत पोचलं काय? ब्लॉकर्सचा मजकूर शिक्षकांच्या पुस्तकात नको होता हे मी मान्य करते, तो डॉक्टरांचा विषय आहे, तेवढी पानं काढायची होती. पण टॉयलेटला जायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या सातवीतल्या मुलासाठी जे लिहिलं होतं ते का काढलं? पुण्यात एससीईआरटी ही राज्याची शैक्षणिक संशोधन-प्रशिक्षण संस्था आहे, बालभारती आहे, राज्यात चांगले बालमानसोपचारतज्ज्ञ आहेत, ट्रान्स कार्यकर्ते आहेत. त्यांनी एकत्र बसून औषधांचा शब्दही न काढता शाळेसाठी तीस-चाळीस पानांची मराठी पुस्तिका करावी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिचा एक दिवस ठेवावा, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पोचवावी.